शिकागोचा महापौर : दुसऱ्या फेरीचा कौल
शिकागोचा महापौर मतदार थेट निवडतात. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर आघाडीच्या दोघांत पुन्हा मतदान होते. ही पद्धत १९९९ पासूनची. महापौरपदासाठी दुसरी फेरी मात्र प्रथम २०१५ मध्ये घ्यावी लागली.

२८ फेब्रुवारी २०२३ रोजी झालेल्या पहिल्या फेरीत नऊ उमेदवार रिंगणात होते. पॉल व्हॅलास यांना सुमारे ३३, तर ब्रँडन जॉन्सन यांना सुमारे २२ टक्के मते पडली. तत्कालीन महापौर लोरी लाइटफूट तिसऱ्या क्रमांकावर राहून बाद झाल्या, हा मोठाच धक्का होता. व्हॅलास यांचा भर पोलीसबळावर होता. पूर्वी शिक्षक असलेले जॉन्सन शाळा आणि मानसिक आरोग्यसेवेसाठी अधिक खर्च मागत होते. ४ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत पिछाडी भरून काढत जॉन्सन सुमारे ५२ टक्के मते मिळवून विजयी झाले.