‘कोयता’ आणि ‘रोबो’ : विज्ञानकथेचे सामाजिक प्रयोजन

विज्ञानकथेने भविष्याचे अचूक भाकीत करावे, अशी अपेक्षा पुष्कळदा व्यक्त होते. वस्तुतः भाकीत खरे ठरणे हा तिच्या मूल्याचा निकष नव्हे. येऊ घातलेल्या परिवर्तनाविषयी समाजाला आधीच विचार करता यावा, म्हणून ती शब्द आणि प्रसंग पुरविते. हेच तिचे मुख्य कार्य होय. बीड जिल्ह्यातील एका शब्दाच्या आधारे हे विधान तपासून पाहता येईल.

या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तोडणीच्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्यावर ठरते आणि मजुरीचा हिशेबही कोयत्याचाच होतो. हत्याराच्या नावाने माणूस ओळखला जावा, ही लक्षणा होय. तथापि या लक्षणेत दोन माणसांचे एकच परिमाण झाले असून स्त्रीच्या श्रमाचा वाटा वेगळा दिसत नाही.

‘रोबो’ ह्या शब्दाचा प्रवास नेमका उलट दिशेचा आहे. कारेल चापेक यांच्या १९२० मधील ‘आर. यू. आर.’ ह्या चेक नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. येथे माणसाच्या कष्टावरून साधनास नाव मिळाले. नाटकातील कृत्रिम कामकरी अखेर बंड करून उठतात. अमेरिकेतील मोटारींच्या कारखान्यात पहिला औद्योगिक यंत्रमानव कामास लागला तो १९६१ साली. त्याच्याविषयीचा वाद ज्या शब्दाने करावयाचा, तो शब्द चाळीस वर्षे आधीच सिद्ध होता.

मराठीत हे कार्य जयंत नारळीकरांनी केले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ ह्या कथेस पारितोषिक मिळाले. पुढे ‘वामन परत न आला’ ह्या कादंबरीत त्यांनी, माणसाने घडविलेले बुद्धिमान यंत्र माणसाच्या आज्ञेत राहील काय, हा प्रश्न मांडला. आज हा प्रश्न घरोघरी विचारला जातो.

ऊसतोडणी यंत्रे आता महाराष्ट्राच्या फडांत उतरली आहेत. कोयत्याचे काम यंत्राने घेतल्यास थंडीवाऱ्यातील कष्ट व मुलांच्या शिक्षणाची हेळसांड टळेल, हे खरे. परंतु अंगावरची उचल कशाने फेडावयाची आणि कोरडवाहू जमिनीवर वर्ष कसे काढावयाचे, हे प्रश्न उरतात. अहवाल यंत्रांची व मजुरांची संख्या देईल. विज्ञानकथा एका कुटुंबासोबत पुढची वीस वर्षे चालून पाहू शकते. ‘कोयता’ हे परिमाण मोडल्यावर नवरा आणि बायको यांची गणना प्रथमच वेगवेगळी कशी होईल, हे ती दाखवू शकते. यंत्र शिवारात शिरण्यापूर्वी ही कथा बीडच्या बोलीत लिहिली गेली, तर ज्यांच्यावर परिवर्तन येणार आहे त्यांनाच त्याविषयी आधी बोलता येईल.