आंतरराष्ट्रीय कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण : प्रवेशापूर्वीचा विचार

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल दिला. जाधव यांना भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांशी संपर्क साधू न देऊन पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला, असा निर्णय न्यायालयाने १५ विरुद्ध १ अशा बहुमताने दिला. महाराष्ट्रातील घराघरांत या खटल्याची चर्चा झाली आणि आंतरराष्ट्रीय कायदा या विषयाकडे कायद्याच्या अनेक विद्यार्थ्यांचे लक्ष वळले. मात्र, या विषयात एलएल.एम. करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे यांची कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठाची आहे. हेगच्या न्यायालयाचा स्वतंत्र 'बार' नाही. संबंधित देश ज्यांची नेमणूक करतो, तेच तेथे युक्तिवाद करतात. म्हणजेच आंतरराष्ट्रीय कायद्याची पदव्युत्तर पदवी ही कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याची सनद नव्हे. ती एका विशिष्ट कामाची तयारी आहे. ते काम कोणते, हे ज्याला सांगता येते त्याचाच अर्ज सहसा वजनदार ठरतो.

विषय एक, वाटा अनेक

'आंतरराष्ट्रीय कायदा' या एका नावाखाली अनेक शाखा येतात. १९४९ च्या जिनिव्हा करारांवर उभा असलेला युद्धकाळातील मानवतावादी कायदा, १९८२ च्या कराराने घडविलेला सागरी कायदा, १९९८ च्या रोम संविधीतून जन्मलेला आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा, जागतिक व्यापार संघटनेचे नियम, परकीय गुंतवणुकीचे लवाद, मानवी हक्क आणि पर्यावरण या त्यांतील प्रमुख शाखा. यांपैकी प्रत्येकीचे कामाचे ठिकाण वेगळे आहे. लवादाचे काम प्रामुख्याने मोठ्या विधी संस्थांमध्ये चालते. मानवतावादी कायद्याचे काम रेडक्रॉससारख्या संस्थांमध्ये. करारांचे मसुदे तपासण्याचे काम परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी व करार विभागात.

अभ्यासक्रमांच्या नावांमुळेही गफलत होते. 'इंटरनॅशनल लॉ' आणि 'इंटरनॅशनल बिझनेस लॉ' ही नावे सारखी वाटली, तरी पहिल्यात राष्ट्राराष्ट्रांतील संबंधांवर भर असतो, तर दुसऱ्यात कंपन्यांच्या सीमापार व्यवहारांवर. त्यामुळे नावावर न जाता विषयांची यादी आणि शिकविणाऱ्या प्राध्यापकांचे संशोधन पाहूनच निवड करावी.

देशातील पर्याय

राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील एक वर्षाच्या एलएल.एम.साठी 'क्लॅट'ची पदव्युत्तर परीक्षा द्यावी लागते. अलीकडच्या वर्षांत ती डिसेंबरमध्ये होते. दोन तासांत १२० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, असे तिचे स्वरूप आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ 'आयलेट' ही स्वतंत्र परीक्षा घेते. सार्क देशांनी स्थापन केलेल्या आणि २०१० मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या साऊथ एशियन युनिव्हर्सिटीत एलएल.एम.चा भर आंतरराष्ट्रीय कायद्यावरच असून तेथे शेजारी देशांतील विद्यार्थ्यांसोबत शिकण्याची संधी मिळते.

विषय आपल्याला मानवेल की नाही, याची खात्री नसलेल्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ ही संस्था या क्षेत्रातील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालविते. हेग अ‍ॅकॅडमीच्या उन्हाळी वर्गांचाही असाच उपयोग होतो.

परदेशातील पर्याय

नेदरलँड्समधील लायडन, स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा, इंग्लंडमधील केंब्रिज आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी ही या विषयाची नावाजलेली केंद्रे. लायडनपासून हेगची न्यायालये हाकेच्या अंतरावर आहेत. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची अनेक कार्यालये आणि जागतिक व्यापार संघटना आहे. निवड करताना एक कसोटी उपयोगी पडते. आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीशांच्या हाताखाली काम करण्यासाठी जो 'ज्युडिशियल फेलो' कार्यक्रम आहे, त्यासाठी उमेदवाराची शिफारस विद्यापीठानेच करावी लागते. आपले विद्यापीठ त्यात सहभागी होते का, हे आधीच विचारून घ्यावे.

अर्जात काय पाहिले जाते?

एलएल.एम.साठी परदेशी विद्यापीठे सहसा प्रवेश परीक्षा घेत नाहीत. गुणपत्रके, इंग्रजीची परीक्षा, दोन किंवा तीन शिफारसपत्रे, स्वपरिचय आणि 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' अर्थात हेतुनिवेदन यांवरच निर्णय होतो. आयईएलटीएसमध्ये अनेक नामांकित विद्यापीठे ७ ते ७.५ गुणांची अपेक्षा ठेवतात आणि हा निकाल दोन वर्षेच ग्राह्य असतो.

यांतील सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र म्हणजे हेतुनिवेदन, आणि सर्वाधिक चुका होतात त्याही तेथेच. 'मला लहानपणापासून न्यायाची आवड आहे' किंवा 'आपले विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे' या वाक्यांनी परीक्षकाला काहीच कळत नाही. हेतुनिवेदनातून तीन प्रश्नांची उत्तरे मिळावीत. उमेदवाराने या विषयात आजवर काय केले? त्याला पुढे नेमका कोणता प्रश्न अभ्यासायचा आहे? त्यासाठी हेच विद्यापीठ का? किनारपट्टीवरील एखाद्या विद्यार्थ्याने पर्ससीन मासेमारीवरील वादाचा अभ्यास केला असेल, तर सागरी कायद्याकडे जाणारी त्याची वाट आपोआप स्पष्ट होते. जेसप मूट कोर्ट स्पर्धेतील सहभाग, एखादा प्रसिद्ध झालेला लेख किंवा निर्वासितांसाठी केलेले विधी साहाय्य हेही याच कारणाने मोलाचे ठरते. दहा विद्यापीठांना एकच मजकूर पाठविण्यापेक्षा चार विद्यापीठांना स्वतंत्र लिहिणे अधिक फलदायी.

शिफारसपत्राबाबतही हेच खरे. ज्यांनी कधी शिकविले नाही, अशा बड्या व्यक्तीच्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा विद्यार्थ्याचा प्रबंध तपासलेल्या प्राध्यापकाचे तपशीलवार पत्र अधिक परिणामकारक ठरते. त्यासाठी त्यांना किमान महिनाभर आधी विनंती करावी आणि सोबत आपला स्वपरिचय द्यावा.

वेळापत्रक

परदेशातील बहुतेक अभ्यासक्रम ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सुरू होतात. तयारी मात्र आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू व्हायला हवी. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून सर्व वर्षांचे प्रमाणित गुणपत्रक, म्हणजे 'ट्रान्स्क्रिप्ट', मिळण्यास अनेकदा अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे ही कागदपत्रे 'एलसॅक' या संस्थेमार्फत मागवितात, तेव्हा त्याचाही कालावधी धरावा. सप्टेंबरपर्यंत इंग्रजीची परीक्षा व हेतुनिवेदनाचा पहिला खर्डा, आणि ऑक्टोबरपासून अर्ज, असा क्रम सोयीचा ठरतो.

खर्च आणि शिष्यवृत्ती

एका वर्षाच्या परदेशी एलएल.एम.चा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अनेक वर्षांच्या बचतीएवढा असतो. मानवी हक्क वा मानवतावादी कायद्याच्या क्षेत्रात सुरुवातीची कामे अनेकदा अल्प मानधनाची असतात. त्यामुळे केवळ शैक्षणिक कर्जाच्या भरवशावर निघणाऱ्याने परतफेडीचा हिशेब आधी मांडावा.

शिष्यवृत्त्यांचे नियम परस्परांहून भिन्न आहेत. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज ऑगस्टमध्ये खुले होतात. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान मात्र प्रवेश हाती असलेल्या उमेदवारांचाच विचार करते. १८९२ मध्ये सुरू झालेला मुंबईचा जे. एन. टाटा एन्डाउमेंट कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती उपलब्ध आहे.

पदवीनंतरचे प्रश्न

दोन बाबी अर्जापूर्वीच तपासाव्यात. ज्यांना एलएल.एम.च्या आधारे न्यूयॉर्कच्या बार परीक्षेची पात्रता मिळवायची आहे, त्यांना तेथील नियमांनुसार किमान २४ क्रेडिट पूर्ण करावे लागतात. त्यांत अमेरिकी कायद्याच्या ठरावीक विषयांचा समावेश आवश्यक असतो. केवळ आंतरराष्ट्रीय कायद्याचे विषय निवडणाऱ्याची ही संधी हुकू शकते. दुसरी बाब अध्यापनाची. जानेवारी २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमुळे एक वर्षाच्या एलएल.एम.च्या आणि परदेशी पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न निर्माण झाला व तो सर्वोच्च न्यायालयात गेला. भारतात प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांनी पदवीच्या मान्यतेची लेखी माहिती आधीच मिळवावी.

ही चौकशी कंटाळवाणी वाटली, तरी तिचा दुहेरी फायदा होतो. कोणत्या कामासाठी कोणती पदवी लागते, हे शोधताना विद्यार्थ्याला आपली शाखा सापडते, आणि हेतुनिवेदनात लिहायचा मजकूरही त्यातूनच तयार होतो. एवढे करूनही ते काम डोळ्यांसमोर येत नसेल, तर वर्षभर वकिली वा संशोधन करून पुढच्या खेपेस अर्ज करणे केव्हाही श्रेयस्कर.