आवाज वाहून नेणारी लहर

मृग नक्षत्राच्या आगेमागे आभाळ दाटून आले असता, मध्यम लहरीवर बातम्या ऐकणाऱ्या जुन्या पिढीस एक अनुभव हमखास येत असे. दूर कोठे तरी वीज चमके, त्याच क्षणी रेडिओतून कडकड असा आवाज उमटे आणि निवेदकाचे अर्धे वाक्य गिळून टाकी. मेघगर्जना मागाहून सावकाश येई. कित्येकदा ती येतही नसे. मग घरातील वडीलधारे कोणी तरी उठून रेडिओच्या पाठीमागची एरियलची तार काढून ठेवी. तोच कार्यक्रम एफ. एम. वर ऐकला तर ही कडकड जवळजवळ नाहीशी झालेली आढळते. वीज तीच, पाऊस तोच, आकाशातून येणाऱ्या लहरीही एकाच जातीच्या. मग हा फरक कशाने पडतो? त्याचे उत्तर, आवाज लहरीवर कोणत्या रीतीने चढविला जातो, ह्या एका गोष्टीत आहे.

मायक्रोफोनपुढे बोलणाऱ्याच्या आवाजाने हवा हलते आणि त्या हालचालीबरहुकूम तारेतील विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. आवाज चढला की प्रवाह चढतो, उतरला की उतरतो; जणू आवाजाची सावलीच तारेतून धावू लागते. मूळ आकाराची अशी अखंड प्रतिकृती विजेत उमटविणे, हेच ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्सचे मर्म होय. मग हा प्रवाह तसाच एरियलला जोडून आकाशात का सोडू नये? अडचण लांबीची आहे. रेडिओलहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावते. आवाजातील ३,००० आंदोलनांचा सूर घेतला तर त्याच्या एका लहरीची लांबी १०० किलोमीटर भरते. लहर नीट फेकण्यास तिच्या लांबीच्या निदान पावपट उंचीचा मनोरा असावा असा ठोकताळा आहे. म्हणजे येथे २५ किलोमीटर! एव्हरेस्टही नऊ किलोमीटरांच्या आतच थांबते. शिवाय सर्व केंद्रांचे आवाज एकाच पट्ट्यात पसरले असते, आणि जत्रेतील कोलाहलाखेरीज श्रोत्याच्या हाती काही लागले नसते.

म्हणून वाहन हवे. सेकंदाला दहा लाख, म्हणजे १,००० किलोहर्ट्‌झ आंदोलने करणारी लहर घेतली (जुन्या रेडिओच्या तबकडीवर ह्यालाच किलोसायकल म्हटलेले असे), तर तिची लांबी ३०० मीटर होते आणि ७५ मीटरांचा मनोरा तिला पुरतो. ही वाहक लहर होय. पण नुसती वाहक लहर मुकी असते. कोऱ्या पोस्टकार्डाने बातमी कळत नाही. तिच्यात आवाजाप्रमाणे काही तरी बदल घडवावा लागतो. ह्या क्रियेस मॉड्युलेशन म्हणतात. मराठी परिभाषेत तिला विरूपण असा शब्द आहे. तो कानाला जरा रुक्ष लागतो खरा, पण लहरीचे रूप बदलणे हा अर्थ त्यात नेमका उतरला आहे.

रूप दोन रीतींनी बदलता येते. एखाद्या गवयाने षड्ज लावून धरावा आणि सूर तिळमात्र न हलविता तो कधी मोठ्याने, कधी हळू म्हणावा. ही झाली पहिली रीत. येथे लहरीची आंदोलने तेवढीच राहतात, केवळ तिची उंची आवाजाबरोबर कमीजास्त होते. हेच ए. एम. होय. दुसऱ्या रीतीत आवाजाचा जोर तसाच ठेवून गवई सुराला आंदोलन देतो. सूर आपल्या जागेच्या किंचित वर, किंचित खाली झुलत राहतो. लहरीची उंची कायम आणि आंदोलनांची संख्या मात्र बदलती, हे एफ. एम. होय.

पहिली रीत आधी साधली. कॅनडात जन्मलेल्या रेजिनाल्ड फेसेन्डेन ह्यांनी डिसेंबर १९०० मध्ये अमेरिकेतील पोटोमॅक नदीतील कॉब बेटावर सुमारे दीड किलोमीटर अंतरावर मनुष्याचा आवाज बिनतारी पोहोचविला. पलीकडे बर्फ पडते आहे काय, एवढाच तो प्रश्न होता. आवाज खरखरीत होता, पण शब्द कळले.

ह्या रीतीत एक गंमत आहे. १,००० किलोहर्ट्‌झच्या लहरीवर १ किलोहर्ट्‌झचा सूर चढविला, तर मूळ लहरीच्या दोहो बाजूंस ९९९ आणि १,००१ अशा दोन नव्या लहरी जन्मास येतात. संदेश असतो तो ह्या बाजूच्या लहरींत. मधली वाहक लहर तशीच रिकामी असते. आणि तरीही, विरूपण पुरेपूर केले असतानासुद्धा, एकूण शक्तीचा दोनतृतीयांश भाग ती रिकामी लहरच खाऊन टाकते! त्यातच मध्यम लहरीवर शेजारच्या केंद्रांत अंतर ठेवले जाते ते ९ किलोहर्ट्‌झचे. म्हणून साडेचार किलोहर्ट्‌झच्या वरचे सूर छाटणे भाग पडते. तबल्याची किनार आणि तंबोऱ्याची जवारी मध्यम लहरीवर बोथट वाटे, तो दोष कलावंताचा नव्हे.

मात्र ही लहर पकडणे अतिशय सोपे असते. सतारीवर एक सूर छेडला की त्याच सुराला मिळविलेली तरफेची तार आपोआप झंकारते. तसेच रेडिओतील तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर एका लहरीशी मिळविले की तीच लहर घुमते, इतर निमूट राहतात. रेडिओची खुंटी फिरविणे म्हणजे तार लावणेच होय. त्यानंतर वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक दरवाजा हवा. तो लहरीचा निम्मा भाग अडवितो, आणि उरलेल्याच्या चढउतारातून मूळ आवाज निघतो. हे काम गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा खडा करू शकतो. जगदीशचंद्र बोस ह्यांना अशा शोधकाचे अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळाले होते. खडा, त्यावर टेकलेले बारीक तारेचे टोक, वेटोळे आणि कानाला लावायचे फोन, एवढ्यावर शाळकरी मुले केंद्र ऐकत. बॅटरीसुद्धा लागत नसे.

पण विजेची कडकडही लहरीची उंचीच वाढविते, आणि बिचाऱ्या ए. एम. ग्राहकाला निवेदकाचा शब्द कोणता व आभाळाचा कोणता हे कळण्यास मार्ग नाही. एडविन आर्मस्ट्राँग ह्या अमेरिकन अभियंत्याने येथेच बोट ठेवले. जॉन कार्सन ह्या गणितज्ञ अभियंत्याने १९२२ मध्येच एफ. एम. ला काही फायदा नाही असा निर्वाळा दिला होता. तो पट्टा अरुंद ठेवण्याच्या दृष्टीने बरोबरही होता. आर्मस्ट्राँगने उलट पट्टा मोकळेपणाने रुंद केला. आंदोलने पुष्कळ झुलू द्यायची आणि ग्राहकात लहरीची उंची छाटून सपाट करायची. कडकड त्या छाटणीतच जाते. १९३३ च्या डिसेंबरात त्याला पेटंटे मिळाली. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे अभियंत्यांच्या सभेत त्याने दूरच्या घरातून आलेला पेल्यात पाणी ओतण्याचा आणि कागद चुरगाळण्याचा आवाज ऐकविला.

पुढची कथा सुखाची नाही. १९४५ मध्ये अमेरिकन सरकारच्या आयोगाने एफ. एम. चा पट्टा हलवून ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झवर नेला आणि जुने लाखो रेडिओ निकामी झाले. १९४८ मध्ये आर. सी. ए. कंपनीविरुद्ध पेटंटांचा दावा सुरू झाला, तो वर्षानुवर्षे लांबला; पैसा व उमेद दोन्ही संपली. १९५४ साली जानेवारी संपता संपता आर्मस्ट्राँगने उंचावरील घराच्या खिडकीतून उडी टाकून जीव दिला. त्याची पत्नी मॅरियन हिने दावे सोडले नाहीत. शेवटचा १९६७ मध्ये तिच्या बाजूने लागला. भारतात पहिले एफ. एम. प्रक्षेपण मद्रासला झाले ते १९७७ साली.

स्वच्छपणाची किंमत मात्र द्यावी लागते. एफ. एम. मध्ये आंदोलने ७५ किलोहर्ट्‌झ वर व तितकीच खाली झुलतात. एका केंद्रास सुमारे २०० किलोहर्ट्‌झची जागा लागते. एवढी ऐसपैस जागा उंच पट्ट्यातच मिळते, आणि तेथील लहर सामान्यतः नजरेच्या टप्प्याबाहेर, डोंगराआड जात नाही. मध्यम लहर जमिनीला बिलगून जाते. रात्री तर वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरते. दिवसा तिला शोषणारा खालचा थर सूर्यास्तानंतर विरून जातो, म्हणून रात्रीच दूरची केंद्रे लागत.

म्हणून ए. एम. ला टाकाऊ मानणे उतावीळपणाचे होईल. एफ. एम. चा ग्राहक दोन केंद्रे एकाच जागी आली की जोरकस तेवढे ऐकवितो आणि दुबळे पुसून टाकतो. संगीताला हे उपकारक खरे. परंतु दोन वैमानिक एकाच वेळी विमानतळाशी बोलू लागले, तर दुबळ्या आवाजाच्या विमानाची हाक कोणाला कळणारही नाही. ए. एम. वर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, वर एक शिटी घुमते. शब्द नीट लागले नाहीत तरी दुसरे कोणी तरी बोलत आहे हे खालच्या माणसाला उमगते आणि तो पुन्हा विचारतो. विमानांचे ११८ मेगाहर्ट्‌झच्या वरील पट्ट्यातील संभाषण आजही ए. एम. वरच चालते.