नानांचा चेहरा घरोघरी
पुण्यात 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह चित्रशाळा हा छापखाना काढला. तोवर पेशवाईतले कारभारी नाना फडणवीस दिसायला कसे होते, हे सामान्य पुणेकराला कळण्याची फारशी सोय नव्हती. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने 1792 मध्ये सवाई माधवराव पेशवे आणि नाना यांचे तैलचित्र काढले होते, पण ते दरबारातले. पुढे तर ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत गेले. चित्रशाळेने सुरुवातीलाच नानांचे चित्र छापले. ही निवड विलक्षण डोळस होती. चिपळूणकरांचे ‘निबंधमाला’ हे मासिक वाचायला अक्षरओळख लागे. भिंतीवरचे चित्र निरक्षर माणसालाही पाहता येई.

हे साधले शिळाछापामुळे. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र उलटे काढायचे. मग डिंक आणि सौम्य आम्ल लावून शिळा ओली ठेवायची. रूळ फिरवला की तेलकट रेघ शाई धरते, ओला दगड ती झिडकारतो. खरी कसोटी रंगीत चित्रात. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा आणि तोच कागद तितक्या वेळा दाबाखाली. दमट हवेत कागद किंचित जरी फुगला तरी ओठांचा रंग गालावर सरकतो. गालावरची छटा बारीक ठिपक्यांनी साधणाऱ्या, सगळे उलटे काढणाऱ्या कारागिरांची नावे मात्र बहुधा चित्रावर येत नसत.

याच तंत्राचा चित्रकार राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत गिरगावात निघाला, नंतर मळवलीला गेला. देवादिकांबरोबर शिवाजी महाराजांचे चित्रही त्यांच्या कुंचल्यातून छापात उतरले.

पण छाप चूकही तितकीच पसरवतो. शिवाजी महाराजांचे म्हणून प्रचलित असलेले एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये डच कागदपत्रांशी जोडलेले महाराजांचे चित्र पुढे आणले, तेव्हा ही चूक उघड झाली. तोवर तो परका चेहरा पुस्तकांतून लोकांच्या मनात बसला होता. एका हस्तलिखितातली चूक नक्कल होईपर्यंत तरी त्या पोथीपुरती राहते. छापलेली चूक हजार घरांतून परत बोलावता येत नाही.

म्हणून थोर व्यक्तीचे चित्र छापणाऱ्याने मूळ चित्र कोठले, ते कोणी काढले आणि प्रत्यक्ष पाहून की कल्पनेने, एवढे तरी त्याखाली छापावे.