एका 'म'ची तीन भुतं

मेस डिपॉझिटची यादी मी एका सिस्टिममधून दुसरीत नेते, तेव्हा नाव बिघडलं की पैसे अडकलेच! युटीएफ-८ मधला आपला 'म' ३ बाइटचा. सीएसव्ही फाइल डबल-क्लिक केली की एक्सेल तिला बऱ्याचदा विंडोज-१२५२ समजतं आणि एका 'म'ची तीन भुतं उभी करतं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए' दर तिसऱ्या जागी दिसला, की समजा हाच प्रकार. घाबरू नका, डेटा शाबूत असतो. सेव्ह न करता बंद करा. 'डेटा' मेनूतून ६५००१ कोडपेज निवडून इम्पोर्ट करा.

नोटपॅडमध्येही नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र खेळ खल्लास. कुणीतरी साधी सीएसव्ही म्हणून सेव्ह केलंय, अक्षरं तिथेच पुसली गेली. मूळ फाइल शोधा. आणि कृतिदेवमधली जुनी यादी? तिला कन्व्हर्टरच हवा. आत सगळी इंग्रजी अक्षरं, मराठी फक्त फॉन्टचा मुखवटा!