विश्लेषण : बोट की बोया? रेवदंड्याजवळच्या ‘संशयास्पद’ वस्तूची बातमी वाचताना आपल्या मनात काय घडले?

जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ ‘पाकिस्तानी बोट’ दिसल्याच्या वृत्ताने रायगड जिल्ह्यात खळबळ उडाली. ती बोट नव्हे, तर मासेमारीच्या जाळ्याचा भरकटलेला बोया असल्याचे नंतर स्पष्ट झाले. तरीही अनेकांच्या लक्षात ‘बोट’च राहिली. असे का होते? बातमीतील एखाद-दुसरा शब्द लोकमत कसे वळवतो? आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

नेमके काय घडले होते?

रविवार, ६ जुलै २०२५ च्या रात्री कोर्लईच्या किनाऱ्यापासून सुमारे दोन सागरी मैलांवर एक संशयास्पद बोट असल्याची माहिती सुरक्षा यंत्रणांना मिळाली. कोर्लई हे कुंडलिका खाडीच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोरच्या तीरावरचे गाव. जिल्हा पोलीस अधीक्षक आंचल दलाल यांच्यासह पोलीस, बॉम्बशोधक व नाशक पथक, शीघ्र प्रतिसाद पथक, नौदल आणि तटरक्षक दल कामाला लागले. जोरदार पाऊस आणि वाऱ्यामुळे शोधात अडथळे आले. पोलीस अधीक्षकांनी बार्जमधून त्या ठिकाणापर्यंत जाण्याचा प्रयत्न केला, पण हवामानामुळे त्यांना परतावे लागले. जिल्ह्यात बंदोबस्त वाढवण्यात आला.

पुढे आलेली माहिती वेगळी होती. ती वस्तू म्हणजे पाकिस्तानी मासेमारी नौकेच्या जाळ्याला लावलेला, जीपीएस यंत्रणा असलेला बोया होता आणि तो वाहत इकडे आला होता. बातम्यांत त्याचे नाव ‘मुकद्दर बोया ९९’ असे आले. ‘बोया’ म्हणजे काय, हे रेवदंड्याच्या कोळीवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मोबाइलवर बातमी वाचणाऱ्या इतरांच्या डोळ्यांसमोर मात्र तोपर्यंत बोट उभी राहिली होती.

बोया पडद्यावर बोटीसारखा का दिसतो?

खोल समुद्रात सोडलेले जाळे लांबलचक असते. ते सापडावे आणि दुसरी नौका त्यावरून जाऊ नये, यासाठी त्याला बोये बांधतात. आता अनेक ठिकाणी या बोयांवर संदेश पाठवणारे छोटे यंत्र असते. जहाजे आपली ओळख आणि ठिकाण सांगण्यासाठी ‘एआयएस’ नावाची स्वयंचलित ओळख यंत्रणा वापरतात. जाळ्यांवरची बरीचशी यंत्रे त्याच प्रकारचे संदेश सोडतात. त्यामुळे देखरेख करणाऱ्याच्या पडद्यावर जहाजासारखीच खूण, नाव आणि क्रमांक उमटू शकतो.

हा ओळख क्रमांक नऊ अंकी असतो आणि जहाजांच्या बाबतीत त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ४१९, पाकिस्तानसाठी ४६३. म्हणजे पडद्यावरची खूण ‘हे यंत्र कोणत्या देशाच्या नावाने नोंदले आहे’ एवढे सांगते. त्याखाली बोट आहे का, बोटीवर माणसे आहेत का आणि असल्यास ती कशासाठी आली आहेत, हे ती सांगत नाही. हे शोधायला माणसालाच समुद्रात जावे लागते. जुलैच्या खवळलेल्या समुद्रात तेच कठीण होते. खातरजमेला वेळ लागला आणि तेवढा वेळ ‘संशय’ हीच बातमी राहिली.

‘फ्रेमिंग’ म्हणजे काय?

एकाच घटनेतील काही बाबी पुढे आणणे आणि काही मागे ठेवणे, म्हणजे फ्रेमिंग. मराठीत त्याला मांडणीची चौकट म्हणता येईल. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९७४ च्या ‘फ्रेम अॅनालिसिस’ या पुस्तकात ही कल्पना विस्ताराने मांडली. माध्यम अभ्यासक रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये तिची चार कामे सांगितली : समस्या कोणती हे ठरवणे, तिचे कारण सांगणे, नैतिक निवाडा करणे आणि उपाय सुचवणे.

ही चार कामे कोर्लईच्या घटनेला लावून पाहा. ‘पाकिस्तानी बोट घुसली’ म्हटले की समस्या ठरते घुसखोरी, कारण ठरते शत्रूचा डाव, निवाडा होतो सुरक्षेतील ढिलाईचा आणि उपाय ठरतो कडक बंदोबस्त. ‘वादळी समुद्रात नौका भरकटली’ म्हटले की समस्या होते अपघात, कारण होते हवामान आणि उपाय होतो बचावकार्य. पडद्यावरची खूण दोन्ही वेळा तीच असते.

पहिल्या दिवशीच्या प्राथमिक माहितीतही, परदेशी खुणा असलेली ही बोट वाहत रायगडच्या किनाऱ्याकडे आली असावी, अशी शक्यता नमूद होती. म्हणजे ‘भरकटली’ ही चौकट सुरुवातीपासून उपलब्ध होती. मथळ्यांत मात्र ‘पाकिस्तानी’ आणि ‘संशयास्पद’ हे शब्द पुढे आले.

एका शब्दाने खरेच इतका फरक पडतो?

पडतो, आणि तो मोजला गेला आहे. मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६०० जणांचा जीव घेऊ शकणाऱ्या साथीवर दोन उपाय आहेत, असे गृहीत धरून लोकांना निवड करायला सांगितली. ‘पहिल्या उपायाने २०० जण वाचतील’ असे सांगितल्यावर ७२ टक्के लोकांनी तो खात्रीचा उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तोच उपाय ‘४०० जण मरतील’ अशा शब्दांत सांगितला, तेव्हा तो निवडणारे फक्त २२ टक्के निघाले. आकडे तेच होते, बदलले होते ते फक्त शब्द. कानमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे अशाच संशोधनाचा वाटा होता.

अंतराच्या आकड्याचेही तसेच आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ‘दोन सागरी मैल’ ही नोंद वाटते, तर ‘किनाऱ्यापासून अवघ्या ३.७ किलोमीटरवर’ ही धोक्याची घंटा वाटते. भर पडली ती ‘अवघ्या’ या एका शब्दाची.

विशेषणांचे पाहा. ‘बेवारस’ बोट म्हटले की प्रश्न पडतो, मालक कोण? ‘अनोळखी’ म्हटले की वाटते, ओळख पटवायला हवी. ‘भरकटलेली’ म्हटले की विचार येतो, आत कोणी अडकले तर नाही? ‘संशयास्पद’ म्हटले की मन थेट गुन्ह्याकडे जाते.

मराठी वाक्याचा आणि मोबाइलचा यात काय संबंध?

मराठीत खात्री किंवा शंका दाखवणारे शब्द बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतात : ‘असावी’, ‘असल्याचा संशय’, ‘असल्याची प्राथमिक माहिती’. छापील कागदावर वाचक वाक्याच्या शेवटापर्यंत जातो. मोबाइलच्या सूचनेत मात्र सुरुवातीचे मोजके शब्दच दिसतात. ‘रेवदंड्याजवळ पाकिस्तानी बोट आल्याचा संशय, तपास सुरू’ हे वाक्य ‘रेवदंड्याजवळ पाकिस्तानी बोट…’ इथेच कापले गेले, तर शंका गळून पडते आणि विधान उरते. तेच पुढे व्हॉट्सअॅपवर फिरते.

मथळ्याचा प्रभाव पूर्ण बातमी वाचल्यावरही टिकतो. ऑस्ट्रेलियातील संशोधक उलरिक एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मजकूर बरोबर असूनही दिशाभूल करणाऱ्या मथळ्याचा वाचकाच्या स्मरणावर आणि निष्कर्षांवर परिणाम होतो, असे दिसले.

रायगडमध्ये ही चौकट इतक्या पटकन का बसते?

कारण तिच्यामागे खरा इतिहास आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके आणि शस्त्रे याच जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे उतरवली गेली होती. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोरही समुद्रमार्गेच मुंबईत आले. त्यामुळे समुद्रातील अनोळखी वस्तूकडे इथे साध्या कुतूहलाने पाहिले जात नाही.

जुलै २०२५ ची वेळही तशीच होती. एप्रिलमधील पहलगाम हल्ला आणि मे महिन्यातील ‘ऑपरेशन सिंदूर’ ताजे होते. शिवाय ते पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस होते. स्थानिक नौका किनाऱ्यावर असताना समुद्रात एखादी खूण दिसली, तर ती अधिकच खटकणार. आधीपासून मनात असलेल्या चित्रात नवी माहिती बसली की पुरावा मागायची गरज वाटेनाशी होते.

असे यापूर्वी घडले होते का?

१८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर ‘लेडी हान’ नावाची नौका सापडली. तिच्यात तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे होती. दहीहंडी दुसऱ्या दिवशी होती आणि गणेशोत्सव तोंडावर होता. साहजिकच घातपाताची चर्चा सुरू झाली. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधिमंडळात माहिती दिली : नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती आणि मस्कतहून युरोपकडे निघाली होती. २६ जूनला तिचे इंजिन बंद पडले, त्यावरील लोकांची कोरियन युद्धनौकेने सुटका केली आणि रिकामी नौका वाहत इकडे आली.

या प्रकरणात शस्त्रे खरी होती, त्यामुळे भीतीला आधार होता. फरक पडला तो खुलाशाच्या स्वरूपामुळे. ‘घाबरू नका’ एवढेच न सांगता नौका कोणाची, कुठून निघाली आणि इथे कशी आली, ही साखळी लोकांसमोर ठेवली गेली.

खुलासा आला तरी पहिली बातमीच का लक्षात राहते?

१९९४ मध्ये हॉलिन जॉन्सन आणि कॉलिन सायफर्ट या संशोधकांनी एका गोदामाच्या आगीची काल्पनिक हकिगत लोकांना वाचायला दिली. आधी सांगितले की एका खोलीत तैलरंग आणि गॅस सिलिंडर होते. नंतर दुरुस्ती केली की ती खोली रिकामी होती. वाचकांना दुरुस्ती आठवत होती, तरीही आगीचे कारण विचारल्यावर अनेकांनी रंग आणि सिलिंडरकडेच बोट दाखवले. मात्र आगीचे दुसरे कारण दिल्यावर जुन्या माहितीचा प्रभाव कमी झाला.

मन रिकामी जागा सहन करत नाही. ‘ती बोट नव्हती’ एवढेच सांगितले तर ‘मग काय होते? काही लपवतात का?’ हा प्रश्न उरतो. ‘तो जाळ्याचा बोया होता, त्यावर यंत्र असते, ते पडद्यावर नौकेसारखे दिसू शकते आणि जाळ्यापासून सुटले की वाऱ्या-प्रवाहाबरोबर वाहत जाते’ असे सांगितले तर जागा भरते.

मग पोलिसांनी विनाकारण धावपळ केली का?

नाही. ‘एका बोयासाठी एवढा फौजफाटा’ ही मांडणीदेखील एक चौकटच आहे आणि तीही तितकीच फसवी आहे. शेवट माहीत झाल्यानंतर सुरुवातीची खबरदारी हास्यास्पद ठरवणे सोपे असते. ओळख न पटलेल्या वस्तूला तपासापुरते धोकादायक मानणे, हे यंत्रणांचे कामच आहे. १९९३ नंतर रायगडमध्ये याहून कमी खबरदारी कोणी मान्य करणार नाही.

यंत्रणेचा संशय आणि वाचकाची खात्री या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस संशय धरून तपास करतात आणि तो खोटा ठरला तर सोडून देतात. लोकांपर्यंत तोच संशय निष्कर्ष म्हणून पोहोचला, तर तो सोडून देण्याची सोय राहत नाही.

याची किंमत कोण मोजतो?

सर्वात आधी किनाऱ्यावरची माणसे. ‘घुसखोरी’ची चौकट बसली की अनोळखी खलाशी, परप्रांतीय मजूर, रात्री खाडीत जाणारी होडी, सगळ्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागते. दुसरी किंमत विश्वासाची. प्रत्येक वेळी सर्वात भीतिदायक शब्द वापरले गेले आणि नंतर काहीच निघाले नाही, तर पुढची खरी सूचनाही ‘नेहमीचेच आहे’ म्हणून दुर्लक्षित होण्याचा धोका असतो. सागरी सुरक्षेत मच्छीमारांना यंत्रणांचे डोळे आणि कान मानले जाते. कळवण्याने नुसता गोंधळच होतो, असे त्यांना वाटू लागले तर नुकसान सुरक्षेचेच आहे.

तिसरी शक्यता कमी बोलली जाते. कोर्लईजवळची ती खूण खरोखर बंद पडलेल्या नौकेची असती, तर तिच्यावर मदतीची वाट पाहणारी माणसे असती. ‘संशयास्पद’ या शब्दात ती माणसे दिसत नाहीत.

अशी बातमी आली तर वाचकाने काय पाहावे?

क्रियापद पाहा. ‘आहे’ लिहिले आहे की ‘असावी’? सूचनेत वाक्य कापलेले असेल, तर बातमी उघडून शेवटपर्यंत वाचा.

काय दिसले आणि काय मानले गेले, हे वेगळे करा. रडारवरची किंवा पडद्यावरची खूण, डोळ्यांनी पाहिलेली बोट आणि ताब्यात घेतलेली बोट या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

माहिती कोणाची आहे आणि किती वाजताची आहे, ते तपासा. जुना संदेश पुढे पाठवला असेल, तर खुलासाही त्याच गटात पाठवा. दोन्ही एकाच लोकांपर्यंत पोहोचले, तरच दुरुस्तीला अर्थ आहे.

विशेषण काढून बातमी पुन्हा वाचा. ‘संशयास्पद’, ‘अवघ्या’, ‘खळबळजनक’ हे शब्द वगळल्यावर जे उरते, ती त्या क्षणापर्यंतची माहिती.

आणि समुद्रात काही वावगे दिसलेच, तर ते आधी गटात टाकू नका. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. फोनवर सांगतानाही जे दिसले तेवढेच सांगा : वस्तूचा आकार, रंग, दिशा, वेळ आणि किनाऱ्यावरची जवळची खूण. ती बोट आहे की बोया, हे ठरवण्याचे काम यंत्रणांवर सोडा.