मेघसंगणन : अर्थ आणि प्रकार

शाळेची माहिती 'क्लाउडवर' साठविली जाते, असे शब्द हल्ली शिक्षकांच्या कानी वारंवार पडतात. त्यावरून ती आकाशात कोठे तरी तरंगत असावी अशी मुलांची, आणि क्वचित प्रौढांचीही, समजूत होते. वस्तुतः ती जमिनीवरच असते. मोठाल्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. माहिती त्यांत राहते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने अशी केंद्रे २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे सुरू केली. अभियंते आराखड्यात जाळ्याचा तपशील दाखवावयाचा नसेल तेथे ढग काढीत. त्यावरून हे नाव रूढ झाले.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने २०११ साली या पद्धतीची व्याख्या केली. तिचे सार असे की, अनेकांत सामाईक असलेली संगणनसाधने जाळ्यावरून हवी तेव्हा व हवी तितकी घेता यावीत, आणि वापराचे मोजमाप व्हावे. कल्पना जुनीच आहे. टेलिफोनप्रमाणे संगणनही कधी काळी सार्वजनिक सेवा होईल, असे जॉन मॅकार्थी यांनी १९६१ सालीच सुचविले होते. ॲमेझॉनने २००६ साली यंत्रशक्ती भाड्याने देण्यास आरंभ केल्यावर ती व्यवहारात आली.

सेवेचे प्रकार तीन. खेड्यातील मुलास ते शेतीच्या उदाहरणाने चटकन उमगतील. नुसती जमीन खंडाने घेतली, तर नांगरणीपासून कापणीपर्यंत सारे कष्ट कसणाऱ्याचे; केवळ यंत्रे व साठवणीची जागा भाड्याने घेणे हा पहिला प्रकार होय. नांगरून, पाण्याची सोय करून दिलेल्या जमिनीत फक्त आपले बी पेरावयाचे, तसा दुसरा. यात तयार मंचावर आपली आज्ञावली चालविता येते. आणि बाजारातून धान्यच आणावे, तसा तिसरा. ई-मेल हे याचे नित्याचे उदाहरण. शिक्षकांचा संबंध बहुधा याच प्रकाराशी येतो.

मालकीच्या दृष्टीने सार्वजनिक, खाजगी, समान गरजांच्या संस्थांचा सामुदायिक व मिश्र असे चार भेद मानतात. केंद्र शासनाने 'मेघराज' या नावाने स्वतःची मेघसेवा उभारली आहे.

यंत्रांची राखण सेवा देणाऱ्याकडे असली, तरी त्यांत काय भरले व किल्ली कोणाजवळ आहे, याची जबाबदारी वापरणाऱ्याकडेच राहते. कार्यालयाच्या भिंतीवर पासवर्ड चिकटवून ठेवण्याची सोयीस्कर प्रथा कोठे कोठे आढळते. अशा ठिकाणी पुण्या-मुंबईच्या कडेकोट इमारतींचा काहीएक उपयोग नाही. चुकीची जन्मतारीखही यंत्र तितक्याच निष्ठेने जपते, आणि पुढे दाखल्याच्या वेळी मूल अडते. शिवाय जाळे खंडित झाले की दूरची माहिती हाती लागत नाही. यास्तव जन्मतारीख प्रथम जनरल रजिस्टरात नोंदवावी, पालकांसमक्ष पडताळावी व नंतरच यंत्रावर चढवावी. रजिस्टर मात्र कपाटात कुलूपबंद असावे.